कॉलेजातून नौदलात : नेव्हल एनसीसीचा खरा उपयोग कितपत?

सांगलीचा एक मुलगा विचारतो आहे. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या आतेभावाला अमेरिकेत एनआरओटीसीची, म्हणजे तिथल्या नौदलाच्या कॉलेज-योजनेची, शिष्यवृत्ती मिळाली. चार वर्षांनी पदवी आणि नौदलाचं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, दोन्ही बरोबरच. तर आपल्याकडे असं काही आहे का? नेव्हल एनसीसी म्हणजे तेच का? एनसीसीचं तिसऱ्या वर्षाचं ‘सी’ सर्टिफिकेट असलं की नौदल थेट घेतं असं एका क्लासवाल्याने सांगितलं, ते खरं का? आणि धाकटी बहीण अकरावीला आहे, तिलाही नौदलात जायचं आहे, तिने काय करावं?

मी नौदलात एक्झिक्युटिव्ह, म्हणजे जहाज हाकणाऱ्या शाखेत होतो, आता निवृत्त आहे. मधली काही वर्षं एका नेव्हल एनसीसी युनिटचा कमांडिंग ऑफिसर होतो आणि त्याच्या खूप आधी, तुझ्याच वयात, स्वतः कॅडेट होतो. माझा मुलगा तुझ्याएवढा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

क्लासवाल्याचं आधी निकालात काढतो. थेट कोणीही घेत नाही. ‘सी’ सर्टिफिकेट हातात असलेली शेकडो पोरं मी पाहिली. त्यातली नौदलात अधिकारी झालेली मोजायला बोटं पुरतात. सर्टिफिकेटने काही दारं किलकिली होतात, ती कोणती ते पुढे सांगतो. पण दारातून आत जायचं ते एसएसबीतूनच, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचणीतून. तिथे तुझ्या आतेभावाच्या एनआरओटीसीसारखा कॉलेजातून थेट नौदलात नेणारा बोगदा नाही.

आतेभावाची गोष्ट वेगळी का, ते बघ. अमेरिकेत ही योजना 1926 पासून आहे. मुलगा नेहमीच्याच विद्यापीठात शिकतो, फी नौदल भरतं, त्याला आत्तापासूनच मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणतात. आठवड्यातून एकदा गणवेशात परेड, जोडीला नौदलाचे विषय, उन्हाळ्यात जहाजावर. पदवी मिळाली की एन्साइन, म्हणजे सगळ्यात धाकटा अधिकारी, म्हणून कमिशन. त्या बदल्यात चार वर्षांची शिष्यवृत्ती घेतली तर किमान 5 वर्षं सेवा द्यावी लागते. म्हणजे निवड आधी, शिक्षण नंतर. आणि ती शिष्यवृत्ती अमेरिकेच्या नागरिकालाच मिळते, त्यामुळे तू तिकडे एमएस करायला गेलास तरी तो रस्ता तुझा नाही.

आपल्याकडे उलट आहे. एनसीसी 1948 च्या कायद्याने उभी राहिली, आणि ती सैन्यात माणसं भरायची योजना म्हणून नाही, तर विद्यार्थ्यांना शिस्त आणि नेतृत्व शिकवणारी संघटना म्हणून. कॅडेटवर सैन्यात जायचं बंधन नाही आणि सैन्यावर कॅडेटला घ्यायचं बंधन नाही. माझ्या युनिटमधली पोरं आज बँकेत आहेत, मर्चंट नेव्हीत आहेत, एक तर चिपळूणला उत्तम कीर्तन करतो. त्यात वाईट काही नाही. पण ‘एनसीसी म्हणजे नौदलाचं कॉलेज’ अशा समजुतीने आलास तर तिसऱ्या वर्षी माझ्यासारख्या कुणावर तरी चिडशील.

एनआरओटीसीच्या जवळ जाणारी आपली योजना दुसरीच आहे, ती तुझ्यासाठी नाही, बहिणीसाठी आहे. शेवटी येतो तिच्याकडे.

आता तुझ्यासाठी रस्ते किती ते पाहू. पहिला, नौदलाचं अल्पसेवा कमिशन, म्हणजे एसएससी. अभियांत्रिकीचे गुण बघून एसएसबीला बोलावतात, बहुतेक शाखांना किमान 60 टक्के लागतात. यात निवड झाली की जास्तीत जास्त 14 वर्षं सेवा. ‘सी’ सर्टिफिकेटचा इथे उपयोग असा की, त्या ‘सी’त किमान ‘बी’ ग्रेड असेल तर एसएसबीला बोलावण्याच्या कट-ऑफमध्ये 5 टक्क्यांची सवलत मिळते. ही सवलत बोलावण्यापुरती. एसएसबीत कोणी तुला पाच मार्क जास्त देत नाही.

दुसरा, यूपीएससीची सीडीएस, म्हणजे पदवीधरांना सैन्यदलांत अधिकारी म्हणून घेणारी परीक्षा. वर्षातून दोनदा असते. त्यात केरळातल्या एझिमळच्या नौदल अकादमीच्या जागांपैकी काही नौदल शाखेच्या ‘सी’ सर्टिफिकेटवाल्यांसाठी वेगळ्या दाखवलेल्या असतात. त्यांना यूपीएससीची लेखी परीक्षा नाही, अर्ज युनिटमार्फत जातो. क्लासवाला ‘थेट’ म्हणतो ते बहुधा यावरून. पण एकेका कोर्सला या जागा अर्धा डझनाच्या आसपास, अख्ख्या देशासाठी, आणि लेखी सुटली तरी एसएसबी सुटत नाही. माझ्या वेळी या वाटेला बी.एस्सी. चालायचं. आता अभियांत्रिकीची पदवी लागते, ती तुझ्याकडे असेलच. नियम दर जाहिरातीला थोडे हलतात, तेव्हा जाहिरात स्वतः वाचायची, क्लासच्या पत्रकावरून नाही.

रस्ते एवढेच. मग एनसीसी कशाला?

मी मिरजेचा. कृष्णाघाटावर पोहायला शिकलो, समुद्र पाहिला तो सतराव्या वर्षी, मुंबईला कॉलेजात आलो तेव्हा. नेव्हल एनसीसीत गेलो ते खरं सांगायचं तर पांढऱ्या गणवेशासाठी आणि परेडनंतरच्या नाश्त्यासाठी. दोन केळी, एक उकडलेलं अंडं, एक समोसा. हॉस्टेलच्या पोराला रविवारी सकाळी एवढं फुकट मिळणं ही मोठी गोष्ट होती. नौदलाची ओढबिढ काही नव्हती.

महिनाभर नुसती ड्रिल झाली. मग एका रविवारी आम्हाला बोटीवर नेलं. व्हेलर म्हणजे 27 फुटी लाकडी बोट, दोन्ही टोकं निमुळती, पाच वल्ही आणि मागे सुकाणूवर कॉक्सन. तालमीत बैठका मारलेला मी, वाटलं वल्हं मारणं ते काय! आमच्या प्रशिक्षकांपैकी एक पेटी ऑफिसर म्हणाला, “गिव्ह वे टुगेदर,” म्हणजे सगळे मिळून वल्हवा. आम्ही पाचही जणांनी पाच वेगवेगळ्या वेळी वल्ही पाण्यात घातली. माझं वल्हं जरा खोल गेलं, पाण्याने ते धरलं, बोट पुढे निघाली आणि वल्ह्याची मूठ माझ्या बरगडीत बसली. इंग्रजीत याला खेकडा पकडणं म्हणतात. मी बाकावरून उलटा मागच्याच्या मांडीत. मागचा हसला, त्यामुळे त्याचाही ताल चुकला. बोट गोल फिरली आणि जेट्टीला पाठ करून उभी राहिली.

पेटी ऑफिसर ओरडला नाही. म्हणाला, “ताकद कोणी मागितली आहे? पुढच्याची पाठ बघा. ती वाकली की तुम्ही वाका.” बस, एवढंच. पाऊण तासाने आमची पाच वल्ही एका आवाजात पाण्यात पडायला लागली. तो आवाज कानाला कळतो. ‘छप’ असा एकच येतो, आणि त्यानंतर बोट अंगाखालून अशी सरकते की आपण काही केलंय असं वाटत नाही. हाताला फोड आले होते, मिठाच्या पाण्याने ते चरचरत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की हे आयुष्यभर करायला हरकत नाही.

नेव्हल एनसीसीचा उपयोग मी याला म्हणतो. गाठी शिकशील, बोलाइन, क्लोव्ह हिच, शीट बेंड. झेंड्यांची सेमाफोर शिकशील, जी आज मोबाइलच्या काळात हास्यास्पद वाटते, पण लक्ष एकवटायला चांगली. जहाजाचं मॉडेल करशील, शिडाची बोट हाकशील. मुंबईत आणि रत्नागिरीत नेव्हल युनिटं आहेत, गोव्यातही आहे. किनाऱ्यावरच्या युनिटांची शिडाच्या बोटींची मोहीम निघते, तिला कॅडेट लोक ‘मेनू’ म्हणतात. त्यात हर्णै, दाभोळ, जयगड ही नावं नकाशावरून उतरून अंगाला लागतात. सकाळी मतलई वारा कसा पडतो आणि दुपारी खारा वारा कसा भरतो, हे तिथे शीड शिकवतं. पण मुख्य म्हणजे, समुद्र तुला सोसतो की नाही, आणि चार माणसांबरोबर एका लाकडी डब्यात तू कसा वागतोस, हे तुला वयाच्या विसाव्या वर्षी, फुकटात, कुठलाही बॉण्ड न लिहिता कळतं.

उलटही कळतं. माझ्या बॅचचा सगळ्यात कडक कॅडेट, ड्रिलमध्ये पहिला, शिप अटॅचमेंटला चार दिवस जहाजावर गेला आणि चारही दिवस बंकवरून उठला नाही. उलट्या मलाही झाल्या, पहिला दिवस मी बादलीबरोबरच काढला. नेल्सनलाही समुद्र लागायचा म्हणतात, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही, आणि बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. पण तो परत आल्यावर म्हणाला, “मला हे नको.” चार दिवसांत त्याला जे कळलं ते कळायला एखाद्याची नोकरीतली चार वर्षं जातात. तो पुढे उत्तम सिव्हिल इंजिनिअर झाला.

तू दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे घाई कर. कॉलेजच्या मुलांचं सीनियर डिव्हिजन साधारण तीन वर्षांचं. ‘बी’ परीक्षा दुसऱ्या वर्षाअखेर, ‘सी’ तिसऱ्या. तुझ्याकडे नेमकी तीनच वर्षं उरली आहेत. हे वर्ष गेलं तर ‘सी’ होणार नाही. परेडला 75 टक्के हजेरी लागते आणि कॅम्प करावा लागतो; सबमिशनच्या आठवड्यात परेड बुडवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांची नावं मार्चमध्ये परीक्षेच्या यादीतून कशी गळतात ते मी सह्या करताना पाहिलं आहे. सांगलीला समुद्र नाही आणि तुझ्या कॉलेजात बहुधा नेव्हलऐवजी आर्मी विंग असेल. ती असेल तर तीच घे. एसएससीची सवलत कोणत्याही विंगच्या ‘सी’ला मिळते. सीडीएसमधल्या राखीव जागा मात्र नेव्हल विंगच्याच.

आता एसएसबी. पाच दिवस असतात. भोपाळ, बंगळूर, विशाखापट्टणम, कोलकाता अशा ठिकाणी बोलावतात, त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदा जात असशील तर एसी थ्री-टियरचं भाडंही मिळतं. पहिल्या दिवशी चाळणी, बुद्धिमापन आणि एक धूसर चित्र बघून गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. त्यातच निम्म्याहून जास्त मुलं दुपारच्या गाडीने परत जातात. उरलेल्यांना मानसशास्त्राच्या चाचण्या, मैदानावरची गटकामं, मुलाखत, आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. चाचण्यांची नावं आणि नमुने इंटरनेटवर ढिगाने सापडतील, त्यात मी वेळ घालवत नाही. 60 शब्द येतात, प्रत्येकाला 15 सेकंद. पंधरा सेकंदांत पाठ केलेलं वाक्य आठवेपर्यंत पुढचा शब्द आलेला असतो, एवढं सांगितलं म्हणजे पाठांतराचं काय होतं ते कळेल.

माझी पहिली एसएसबी सांगतो, कारण तिच्यात एनसीसीचा संबंध आहे.

मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, एनसीसीत काय केलंस? मी छाती फुगवून सांगितलं, इंटर-युनिट बोट पुलिंगमध्ये, म्हणजे वल्हवायच्या शर्यतीत, आमच्या टीमचा दुसरा नंबर, मी कॉक्सन. ते म्हणाले, छान. मग चहाचा घोट घेऊन विचारलं, “बोटी किती होत्या?”

दोन होत्या.

मी “दोन” म्हटलं, ते हसले नाहीत, त्यांनी नुसतं लिहून घेतलं. मग विचारलं, “सगळ्यात पुढच्या वल्ह्यावर कोण होता? तो काय करतो? घरी कोण असतं?” मला नाव आठवलं, आडनाव नाही. दोन महिने रोज सकाळी तो माझ्यासमोर घाम गाळत होता, त्याच्यावर मी ओरडत होतो, आणि तो कुठून येतो हे मला ठाऊक नव्हतं. (नंतर कळलं, तो पहाटे सव्वातीनला उठून टिटवाळ्याहून यायचा.) कॉन्फरन्सनंतर निवडलेल्यांचे चेस्ट नंबर, म्हणजे छातीवर लावलेले उमेदवार-क्रमांक, वाचले, त्यात माझा नव्हता. बसने स्टेशनवर सोडलं. बसमध्ये आम्ही सतरा-अठरा जण होतो, कोणी काही बोललं नाही. एकाने शेंगा काढल्या, त्या सगळ्यांनी खाल्ल्या.

वर्षभराने दुसऱ्यांदा गेलो. तोच प्रश्न आला. मी सांगितलं, दोनच बोटी होत्या आणि आम्ही हरलो, कारण मी कॉक्सन म्हणून स्ट्रोक फार लवकर वाढवला, पुढचा टिटवाळ्याचा पोरगा झोपेअभावी दमलेला होता आणि मी त्याला विचारलं नव्हतं. पुढे वीस मिनिटं त्याच एका शर्यतीवर बोलणं झालं. त्या वेळी माझा नंबर वाचला गेला. केवळ या उत्तराने वाचला असं म्हणत नाही, पाच दिवसांत ते बरंच काही बघतात. पण मुलाखतीला एकविसाव्या वर्षी तुझ्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं, खरं, तपासता येईल असं काही असावं लागतं. बहुतेक मुलांकडे बारावीची टक्केवारी आणि गणेशोत्सव मंडळाचं खजिनदारपद असतं. खजिनदारपदही चालतं म्हणा, हिशेब सांगता आला तर.

क्लास लावावा का, असं तू पुढे विचारशीलच. पैसे देऊन लावू नकोस. नाशिक रोडला महाराष्ट्र शासनाच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीचं बोलावणं हातात आलं की तिथे दहा दिवसांचा वर्ग मिळतो, राहणं-जेवण-प्रशिक्षण सगळं मोफत. सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी कर. मराठी पोरांना हे माहीत नसतं आणि ती पुण्यात खोली घेऊन पंचवीस-तीस हजार घालवतात, याची मला नेहमी चुटपुट लागते.

एसएसबीत ‘रेकमेंडेड’ झालास म्हणजे झालास असंही नाही. पुढे मेडिकल, मग जागांच्या मानाने मेरिट लिस्ट. मेडिकलला किरकोळ गोष्टी अडवतात : कानातला मळ, जादा वजन, नाकाचं वाकडं हाड, भलत्या जागेचा टॅटू. यातलं बरंचसं आधी घरच्या डॉक्टरकडून तपासून घेता येतं. उंची किमान 157 सेंटिमीटर. एक गोष्ट मात्र दुरुस्त होत नाही, ती म्हणजे रंगांधळेपण. बरेच मुलगे ते तिथेच, त्या ठिपक्यांच्या पुस्तकासमोर, आयुष्यात पहिल्यांदा शोधून काढतात. तू आजच जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन इशिहारा चाचणी करून घे, पाच मिनिटांचं काम आहे.

एवढं का ताणतात रंगावरून? ऑगस्टमधली एक रात्र डोळ्यांसमोर आण. 31 जुलैला मासेमारीबंदी संपलेली, नारळी पौर्णिमा होऊन गेलेली. रत्नागिरीच्या बाहेर समुद्रात तू ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत, ऑफिसर ऑफ द वॉच आहेस, मध्यरात्र ते पहाटे चारची पाळी. कॅप्टन खाली झोपलेला, जहाज तुझ्या हातात. समोर क्षितिजभर दिवे, जणू काठावर गाव वसलंय. ते गाव नाही, मासेमारी होड्या आहेत. नियम असा की ट्रॉलरवर पांढऱ्याच्या वर हिरवा दिवा, इतर मासेमारीला पांढऱ्याच्या वर लाल. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल, उजवीला हिरवा. तुझ्या उजव्या हाताला कोणाचा लाल दिसला आणि त्याची दिशा बदलत नसेल, तर तो आडवा येतोय आणि बाजूला तू व्हायचं आहेस. नियमाप्रमाणे दिवे लावतात ते निम्मे. बाकीच्यांनी डेकवर पांढरा एलईडी पेटवलेला, त्यात सगळं बुडालेलं, आणि खाली कुठेतरी मैलभर जाळं. रडारवर ठिपकेच ठिपके. अशा वेळी लाल की हिरवा हे दोन सेकंदांत डोळ्याला कळलं पाहिजे. एकदा मला रेडिओवर मराठीत ओरडावं लागलं, “ओ नाखवा, जाळं कुठल्या अंगाला?” पलीकडून लगेच उत्तर आलं, “उत्तरेक, सायेब, भायरून जावा.” आमचा पंजाबी क्वार्टरमास्टर माझ्याकडे बघतच राहिला.

अकादमीबद्दल थोडक्यात. माझ्या वेळी ती गोव्यात होती, पणजीसमोर, आयएनएस मांडवीत. 2009 पासून केरळात कण्णूर जिल्ह्यात एझिमळला आहे. एसएससीतून जाणारे सब-लेफ्टनंट म्हणूनच दाखल होतात, मूळ वेतन 56,100 रुपये, पगार पहिल्या दिवसापासून. मधेच स्वतःहून सोडलंस तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल करतात. पहिले काही आठवडे झोप आणि स्वाभिमान दोन्ही कमी मिळतात. तिथे एनसीसीवाल्याला फायदा होतो तो ड्रिलचा, आणि तोही पंधरा दिवसच, तोवर बाकीचे गाठतात. उलट काही जुन्या कॅडेटांना ‘आम्हाला हे येतं’ची खोड असते, ती इन्स्ट्रक्टर फार प्रेमाने काढतात.

तू मेकॅनिकलचा आहेस, म्हणजे इंजिनिअरिंग शाखेतही जाऊ शकतोस. त्यांचं शिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत होतं, घरापासून चार-पाच तासांवर. मी एक्झिक्युटिव्हचा असल्यामुळे ब्रिजचंच गाणं गाणार. पण इंजिनरूममध्ये पंचेचाळीस अंशांत उभे राहून जहाज चालतं ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना विचारलंस तर ते म्हणतील, वरचे फक्त खिडकीतून बघतात.

आता बहीण. आतेभावासारखं काही हवं असेल तर ते हिलाच मिळू शकतं. 10+2 बी.टेक. कॅडेट एंट्री नावाची योजना आहे. बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून 70 टक्के, इंग्रजीत 50 टक्के, आणि जेईई मेन्सचा रँक. रँकवरून एसएसबीला बोलावतात. निवड झाली की चार वर्षं एझिमळलाच बी.टेक., पदवी जेएनयूची, खर्च सगळा नौदलाचा, आणि शेवटी कायमचं कमिशन. कॉलेज अकादमीतच. मुलींसाठी जागा थोड्या असतात, पण असतात. दुसरा मार्ग एनडीए, तिथे मुली 2022 पासून आहेत. राज्य शासनाने नाशिकला मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व संस्था काढली आहे, पण तिथला प्रवेश दहावीनंतर होतो, त्यामुळे ती गाडी तिची सुटली. आत्ता तिने जेईईचा अभ्यास सोडू नये, तोच नौदलाचाही अभ्यास आहे.

घरचे म्हणतील, मुलीची जात, समुद्रावर कशी राहणार. त्यांना ‘तारिणी’बद्दल सांग. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली 56 फुटी शिडाची बोट. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, आणि 2024 च्या 2 ऑक्टोबरला दोघीच जणी तीच बोट घेऊन गोव्याहून निघाल्या, मे 2025 च्या अखेरीस परत आल्या. केप हॉर्नला वळसा घालून. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी केप हॉर्न पाहिलेलं नाही.

उद्या कॉलेजात एनसीसीचे एएनओ सर, म्हणजे एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक, कोण आहेत ते शोध, एनरोलमेंट कधी आहे ते विचार. इतका सगळा प्रश्न विचारलास, पण तुला पोहता येतं की नाही ते लिहिलं नाहीस. येत नसेल तर कृष्णेला पुराचं पाणी चढायच्या आत शीक. अर्जाबिर्जाचं नंतर बघू.